मुलगा कोण?

आंटीच्या नवऱ्याच्या मातीला गेले, तिथून हे सुरू झालं.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, मी भुसावळला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल लावून देणं हे आमचं काम. आंटी माझ्या शेजारच्या बोर्डवर बसायची. वयानं माझ्या आईएवढी, रेल्वेवाल्यांच्या जुन्या कॅथलिक घरातली. अख्खं एक्स्चेंज तिला आंटी म्हणायचं, आमचे साहेबसुद्धा. तिचा नवरा इंजिन ड्रायव्हर होता. रिटायर झाल्यावर तो फार प्यायला लागला, आणि आधीही काही कमी पीत नव्हता. आंटीच्या दंडावर अधूनमधून निळे डाग दिसायचे. आम्ही ते पाहायचो आणि तिच्यासाठी चहा मागवायचो.

तो गेला तेव्हा ऑफिसातून आम्ही तिघीचौघी चर्चमध्ये गेलो. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. चपला काढायच्या की नाही ते कळेना, म्हणून दारात काढल्या. बाहेर आले तेव्हा तिथं फक्त माझ्याच चपला होत्या.

आमच्याकडे माणूस मेला की देवमाणूस होतो. स्मशानात श्रद्धांजलीची भाषणं होतात. माझ्या एका चुलत्यानं जन्मभर भावांचे बांध कोरले, आणि भाषणांमध्ये तो कुटुंबवत्सल निघाला. मला वाटलं, इथंही तसंच होणार. फादर उभे राहिले आणि म्हणाले, "हे सद्गृहस्थ होते असे मी म्हणणार नाही. आपण सर्व त्यांना ओळखता. त्यांना दयेची आवश्यकता आहे. मलाही आहे. म्हणून आपण प्रार्थना करू." आंटी पहिल्या बाकावर होती. तिनं सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं.

मला बरं वाटलं. मातीला गेल्यावर बरं वाटू नये हे मला कळत होतं, पण वाटलं. मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलून झालं, आणि तरीही त्याला टाकून कुणी उठून गेलं नाही, हे मी याआधी कुठंच पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी आंटीला विचारलं, "रविवारी मी आले तर चालेल का?"

"का? तुला काय झालं?" आंटी म्हणाली.

काही झालं नव्हतं. मी तिशी ओलांडलेली होते. गाव फैजपूरजवळ, घरची केळी होती. आबा, म्हणजे माझे वडील, आणि थोरला भाऊ शेती बघायचे. माझ्यासाठी स्थळं येत होती तोवर मी नोकरी सोडणार नाही म्हणून अडून बसले, मग पत्रिका अडल्या, नंतर स्थळांनीच येणं थांबवलं. भुसावळला खोली घेऊन राहत होते. सणाला घरी जायचे. देवधर्म जेवढा सगळे करतात तेवढा करायचे.

तर मी रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसू लागले. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एके दिवशी मी फादरांच्या ऑफिसात गेले.

फादर मंगळूरकडचे, साठीच्या घरातले. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलायचे आणि कुणालाच पटकन कळायचे नाहीत. त्या वेळी ते टेबलफॅनची जाळी पुसत होते.

"फादर, मला तुमच्यात यायचं आहे."

त्यांनी जाळी खाली ठेवली. "मुलगा कोण आहे?"

"कोणता मुलगा?"

"ज्याच्याशी विवाह करावयाचा आहे, तो."

"कुणी नाही."

"निश्चित?"

"निश्चित."

फादर थोडे काळजीत पडले. मुलगा असता तर पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. मग त्यांनी विचारलं, नोकरी हवी आहे का, कुणाला शाळेत घालायचं आहे का, दवाखान्याचं काही आहे का. मी म्हटलं, मला नोकरी आहे, मूल नाही आणि तब्येत ठीक आहे. मग त्या मातीच्या दिवसाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"उत्तम," ते म्हणाले. "मग घाई करू नका."

जन्मतः आत असलेल्यांना कुणी काही विचारत नाही, पण मोठ्या माणसानं कुठं पाऊल टाकतोय ते पाहून टाकावं, असं त्यांचं म्हणणं. आधी नुसतं यायचं आणि प्रश्न विचारायचे. मग शिकवणी. मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की मला यायचं आहे. तुमच्या बाजूनं उभी राहील अशी धर्ममाता शोधायची. मग बिशपांसमोर जायचं. मग ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, आणि ईस्टरला बाप्तिस्मा. किमान वर्ष तरी. "मध्ये कधीही वाटले तर परत जावे. कोणी बोल लावणार नाही."

माझ्या नोकरीलासुद्धा एवढ्या पायऱ्या नव्हत्या.

शिकवणी बुधवारी संध्याकाळी, कॉन्व्हेंटच्या बाहेरच्या खोलीत. शिकवायला वसईकडच्या एक सिस्टर. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि धर्मही तसाच शिकवायच्या. एक पायरी कळल्याशिवाय दुसरी नाही. वर्गात माझ्याबरोबर आणखी एक जण होता, रेल्वेतला तरुण टीसी. त्याला एका कॅथलिक मुलीशी लग्न करायचं होतं, त्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. तो वेळेवर यायचा, मान डोलवायचा आणि सतत घड्याळाकडे बघायचा.

प्रश्न मी विचारायचे. देव तीन की एक, यावर सिस्टरनी दोन बुधवार घालवले आणि मला अर्धं कळलं. त्या म्हणाल्या, अर्धं पुष्कळ झालं. क्षमेवर मात्र मी अडले. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला देव क्षमा करत असेल तर करो. पण मार आंटीनं खाल्ला. तिच्या वतीनं दुसऱ्यानं क्षमा करायची, हा काय न्याय झाला?

सिस्टरनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "मलाही ते जड जातं." टीसीनं त्या दिवशी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली.

दुसऱ्या दिवशी मी आंटीलाच विचारलं. बोर्डवर गर्दी नव्हती. "आंटी, तुम्ही माफ केलं का अंकलना?"

"रोज सकाळी करते," ती म्हणाली. "दुपारपर्यंत टिकतं." आणि तिनं नागपूरची लाईन जोडून दिली.

त्या उत्तरानं माझं निम्म्याहून जास्त शिक्षण झालं. मी तिलाच धर्ममाता व्हायला सांगितलं. ती म्हणाली, दुसरं कुणी चांगलं मिळालं नाही का?

घरी मी सांगणारच होते, पण माझ्याआधी केळीच्या ट्रकवाल्यांनी सांगितलं. एका रविवारी मी चर्चमध्ये बसले होते आणि शेजारी येऊन कुणीतरी बसलं. पाहते तर भाऊ. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. तो पूर्ण वेळ बसला, पण समोर बघत नव्हता. बाकांवरून नजर फिरवत होता.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मुलगा कोण हाये?"

"कुणी नाही, भाऊ."

"मी का लहान हाये का? सांग. आपण बघू काय करायचं ते."

मी पुन्हा म्हटलं, कुणी नाही. त्याचा विश्वास बसला नाही. तो पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. कडेच्या बाकावर बसून एकेकाचा अंदाज घ्यायचा. पेटी वाजवणारे गृहस्थ सत्तरीचे होते आणि कानात यंत्र लावायचे. ते बाद झाले. गाणाऱ्यांतली मुलं मिसरूड न फुटलेली. बाकीच्यांच्या शेजारी त्यांच्या बायका. मग त्याला कुणीतरी सांगितलं की बुधवारी शिकवणीला माझ्याबरोबर एक टीसी असतो.

भाऊ थेट स्टेशनवर गेला. टीसीला त्यानं प्लॅटफॉर्मवर गाठलं. त्या दोघांत काय झालं ते मला भावानं संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन सांगितलं. 

"तो नाही," तो म्हणाला.

"मी सांगितलंच होतं."

"त्याची पोरगी वेगळीच हाये. तिच्या घरच्यांनी तिचं दुसरीकडे जमवलं. परवा कळलं त्याले. रडत होता बिचारा. मी चहा पाजला." उठताना भाऊ म्हणाला, "चांगला मुलगा होता."

टीसी त्यानंतर शिकवणीला आला नाही. सिस्टरनी त्याची खुर्ची दोन-तीन बुधवार तशीच ठेवली.

शेवटी भाऊ फादरांकडे गेला. मी बरोबर होते. फादरांनी त्याला चहा दिला. भावानं प्रश्न विचारला. फादर म्हणाले, "मीही प्रथम तोच शोध घेतला. मुलगा नाही."

"मंग कायले?" भाऊ म्हणाला. इतका वेळ तो रागात होता, आता तो घाबरला.

घरीही तेच झालं. मुलगा असता तर आई रडली असती, आबांनी अबोला धरला असता, आणि सगळ्यांना निदान कारण कळलं असतं. पैसे घेतले म्हणावं तर मीच दर महिन्याला घरी काही ना काही आणत होते. कारणाशिवाय घडणाऱ्या गोष्टीचं काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "डोक्यावर काही परिणाम झाला का गं? उन्हात फिरते तू." आबा उठून केळीला पाणी द्यायला गेले.

मी परत निघाले तेव्हा भावानं एकच मागितलं. त्याची थोरली मुलगी लग्नाची होती. "पोरीचं होऊ दे. आत्याचं असं कळलं तर स्थळं मागं फिरतील. मंग तुले काय करायचं ते कर."

मला वाटलं, फादर म्हणतील, देवाचं काम आधी. मी मोठ्या तयारीनं त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, "पुतणीचा विवाह प्रथम. आपण थांबा."

मला राग आला. मी घराशी भांडायला तयार होते, आणि हा माणूस मला भांडूच देत नव्हता. "आणि दोन वर्षं लागली तर?"

"तर दोन वर्षे."

थांबणं म्हणजे काय, ते रविवारच्या मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी कळायचं. कम्युनियनला, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायला, सगळे रांगेनं पुढे जात, आणि बाप्तिस्मा नसलेली मी बाकावर बसून राहायचे. बाकीच्यांना बाहेर पडता यावं म्हणून गुडघे एका बाजूला घ्यायचे. पहिल्यांदा त्यात काही वाटलं नाही. पण पुढे पुढे असं होऊ लागलं की पंगत बसली आहे, मला वाढायचं सोडून वाढपी पुढे चाललाय, आणि त्यात वाढप्याची काही चूक नाही. आंटी परत येऊन बसायची, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागेल इतकी सरकून बसायची.

पुतणीचं वर्षभरात जमलं. लग्न गावातच झालं, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचं जेवण. मी पंगतीत वाढत होते. मुलाचे वडील जेवता जेवता मोठ्यानं म्हणाले, "काय ताई, तुमचा तो चर्चचा कार्यक्रम झाला का?"

भाऊ तुपाची बुधली घेऊन माझ्या मागेच होता. तो जागच्या जागी थिजला.

"नाही अजून," मी म्हटलं.

"का बरं?"

"हे लग्न व्हायचं होतं."

"अरे!" ते म्हणाले. "आम्हाला तर सोयरीक करायच्या आधीपासून माहीत होतं. मी जळगावला मिशनच्या शाळेत शिकलो की. पाद्र्याच्या हातच्या छड्या खाल्ल्यात." मग त्यांनी भावाकडे पाहिलं. "तूप वाढता ना?"

भावानं तूप वाढलं. जरा जास्तच वाढलं.

पुढच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला मला बिशपांसमोर जायचं होतं, धुळ्याला. मी, आंटी आणि सिस्टर एसटीनं निघालो. पारोळ्याला बस बराच वेळ थांबली, तिथं आंटीनं शेंगदाणे घेतले आणि आठवण आल्यावर परत पिशवीत ठेवले, उपवास होता, आणि त्यांच्या उपवासात मधे काहीच तोंडात टाकायचं नसतं. धुळ्याच्या मांडवात खेड्यापाड्यांतून आलेली बरीच मोठी माणसं होती, सगळी माझ्यासारखीच वाट पाहत बसलेली. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. तिनं मला खालीवर न्याहाळलं आणि अहिराणीत विचारलं.

"तुना नवरा कोठे शे?"

"नाही," मी म्हटलं.

"मरी गया का?"

"लग्नच नाही केलं."

"मंग आठे कसाले उनी?"

मी म्हटलं, "मला यायचं होतं म्हणून."

तिनं थोडा विचार केला. "बरं शे," ती म्हणाली. "मी बी तशीच." मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. इतक्या वर्षांत हे उत्तर फक्त तिला पुरलं.

बिशपांनी सगळ्या धर्मपित्यांना आणि धर्ममातांना विचारलं, तुम्ही ज्यांना आणलं ते योग्य आहेत का? एका सुरात "आहेत" म्हणायचं ठरलं होतं. आंटी म्हणाली, "माझ्यापेक्षा तरी बरी आहे." सिस्टरनी डोळे मिटून घेतले. बिशप हसले नाहीत, पण क्षणभर थांबले.

बाप्तिस्म्याचा दिवस मी घरी कळवला होता. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या रात्रीच असतो. त्या शनिवारी दुपारी दार वाजलं आणि दारात आई. एकटी. आयुष्यात ती एकटीनं कधी एसटीत बसली नव्हती.

"घरी काय सांगितलं?"

"दात दाखवाले जाते म्हटलं."

"आबांना खरं वाटलं?"

"माही कवळी हाये हे त्यांले माहीत नाही का?" आई म्हणाली आणि आत येऊन पाणी प्यायली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर चर्चच्या आवारात शेकोटी पेटवली. त्या विस्तवावरून मोठी मेणबत्ती लावली, आणि तिच्यावरून एकमेकांच्या छोट्या. आईच्या हातातही कुणीतरी मेणबत्ती दिली. ती आंटीशेजारी पहिल्या बाकावर बसली. धर्मग्रंथातली वाचनं पुष्कळ होती. जग निर्माण झालं तिथपासून सुरुवात. आईला डुलकी लागली, आणि समुद्र दुभंगला तेव्हा ती जागी झाली.

मी पुढे गेले. फादरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. वाकले. त्यांनी तीनदा डोक्यावर पाणी ओतलं. चांगलं तांब्याभर ओतलं. कंजुषी केली नाही. पाणी थंड होतं, मानेवरून पाठीत गेलं. मी सरळ झाले तेव्हा सिस्टर रुमाल पुढे करत होत्या, पण आई त्यांच्या आधी पोचली होती. तिनं घरून टॉवेल आणला होता. तिनं माझं डोकं धरलं आणि पुसायला लागली. वरवर नाही. लहानपणी न्हाऊ घातल्यावर पुसायची तसं, कानामागून, मुळापासून, चोळून. फादर पवित्र तेलाची कुपी घेऊन उभे. पेटीवाल्यांनी एक सूर धरला आणि तो धरूनच ठेवला. सगळं चर्च वाट पाहत होतं.

"सर्दी होते हिले," आई फादरांना म्हणाली.

"सावकाश," फादर म्हणाले.

मग कम्युनियन. काहीतरी फार मोठं वाटेल अशी माझी समजूत होती. जिभेवर पापडाहून पातळ चकती, तिला चव अशी नाही. बाकावर येऊन बसले. इतके दिवस पोटात काहीतरी ओढ लागलेली होती, ती थांबली. मी रडले वगैरे नाही. आंटी रडली, आणि ती का रडते आहे हे न कळून आईनं तिलाही तोच टॉवेल दिला.

ईस्टरनंतर रजा काढून मी गावी गेले. शेजारच्या बायका काही ना काही निमित्त काढून आल्या आणि माझ्याकडे बघून गेल्या. मी तीच साडी नेसले होते, तेच बोलत होते. त्यांची निराशा झालेली दिसली. आईनं रोजच्याच ताटात वाढलं. आबा ओसरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते केळीच्या बागेकडे बघत होते.

"तिथं सगळ्यांशी जमतं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"जमतं."

"बायका कशा हायेत?"

"बऱ्या आहेत."

"नीट बोलतात?"

"बोलतात, आबा."

त्यांनी मान हलवली. त्याउपर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

निघताना आईनं पिशवी भरली. शेवया, कुरडया, उडदाचे पापड, काळा मसाला. "त्या आंटीले दे. सिस्टरले दे. फादरले तळून दे, त्यांले काय येतं?" भाऊ पिशवी खांद्यावर टाकून फैजपूरच्या स्टँडवर सोडायला आला. वाटेत म्हणाला, "कोणी काही बोललं तर सांगजो. एकटी समजू नको."

बस आली. कंडक्टरनं पिशवी पाहिली, मला पाहिलं. "काय ताई, सासरी का?"

भाऊ म्हणाला, "हो. खिडकीची जागा द्या."

खिडकीची एकही रिकामी नव्हती. मी मागे बसले, पिशवी मांडीवर घेऊन. कुरडया मोडू नयेत म्हणून भुसावळ येईपर्यंत तशीच धरून होते.